बाळंतविड्यात काय असावे?

बारशाचे आमंत्रण आले की पहिला प्रश्न पडतो, 'न्यायचे काय?' वेळ नसतो, त्यामुळे दुकानातला तयार 'बेबी गिफ्ट सेट' उचलला जातो. चकचकीत खोक्यात पावडर, काजळाची डबी, इवलेसे झबले-टोपडे, राईची उशी आणि एखादे मऊ अस्वल. पाळण्याशेजारी अशा खोक्यांचा ढीग लागतो. त्यातल्या बऱ्याच वस्तू बाळाच्या उपयोगी पडत नाहीत. काही तर वापरू नका, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि जिने नुकताच या बाळाला जन्म दिला, तिच्यासाठी त्या ढिगात बहुधा काहीच नसते.

आपली जुनी पद्धत या बाबतीत अधिक शहाणी होती. बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीकडे न्यायचा ऐवज. बाळाच्या अंगड्या-टोपड्याबरोबर त्यात तिची साडी-चोळी, डिंक, खारीक, खोबरे, अळीव असे काहीबाही असे. भेट एकाला नव्हे, दोघांना, हा त्यामागचा विचार आजच्या वैद्यकशास्त्रालाही पटणारा आहे.

बाळाची गरज किती?

पहिल्या महिन्यातले बाळ दिवसातले सोळा तास किंवा त्याहूनही जास्त झोपते, पण तुकड्यातुकड्याने. चोवीस तासांत ते 8 ते 12 वेळा अंगावर पिते. त्याला स्पष्ट दिसते ते साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच. नवजात बाळ आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजापेक्षा अधिक पसंत करते, हे 1980 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले होते. थोडक्यात, या वयात आईचा चेहरा, आवाज आणि स्पर्श हीच बाळाची खेळणी. दुकानातल्या खेळण्यांना अजून अवकाश असतो.

कपड्यांचेही तसेच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट होते. त्यामुळे अगदी लहान मापाचे झबले दोनचारदा घातले की तोकडे होते. सगळे पाहुणे तेच माप आणतात, म्हणून आपण सहा ते नऊ महिन्यांचे माप घ्यावे आणि घेताना ऋतूचा हिशेब करावा. जूनमध्ये जन्मलेले बाळ डिसेंबरात सहा महिन्यांचे होते. त्याला तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील. कापड सुती असावे. गळ्याशी नाड्या, रिबिनी, सैल बटणे, टिकल्या नकोत. नवे कपडे धुऊनच घालावेत, हेही देताना सांगावे.

प्रेमाने दिलेल्या, पण टाळाव्यात अशा वस्तू

राईची उशी ही महाराष्ट्रात हमखास दिली जाणारी भेट. तिने डोके गोल होते, असा समज आहे. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागत नाही. सपाट, टणक गादीवर, पाठीवर झोपवणे सर्वांत सुरक्षित. ब्रिटनमध्ये 1991 मध्ये आणि अमेरिकेत 1994 मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू तिथे निम्म्याहून कमी झाले. उशी, जाड रजई, मऊ खेळणी बाळाच्या तोंडावर आली तर ती बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून बाळ जागे असताना, समोर कोणी बसलेले असताना, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावे.

दुधाची बाटली आणि पावडरचे दूध भेट म्हणून देऊच नये. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात 1992 च्या कायद्याने दूध पावडर आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास, त्यांची विक्री वाढवण्यासाठी आईला नमुने किंवा भेटी देण्यास बंदी आहे. तो कायदा मैत्रिणीच्या भेटीसाठी नाही. पण त्यामागचे कारण तिलाही लागू पडते. पहिल्या दिवसांत दूध पुरते की नाही या शंकेने आई आधीच धास्तावलेली असते. अशा वेळी हाताशी आलेली बाटली तिला धीर देत नाही, तिची शंका पक्की करते.

मध चाटवण्याची चांदीची डबी सुंदर दिसते, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात असू शकणारे एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढतात आणि त्यांच्या विषामुळे स्नायू लुळे पडतात. या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. बाळगुटीचा संचही सहा महिन्यांच्या नियमात बसत नाही.

काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळले आहे आणि शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. पावडरचे बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. मनगट्यांचे काळे मणी आणि वाळ्यांची घुंगरे सुटली तर थेट तोंडात जातात. चांदी द्यायची असेल तर वाटी-चमचा द्यावा. सहा महिन्यांनी उष्टावणाला तो कामाला येतो.

पुढचा विचार करून वॉकर देणारेही असतात. वॉकरने बाळ लवकर चालते हा गैरसमज आहे. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत 1990 ते 2014 या काळात वॉकरमुळे जखमी झालेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक बाळांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात उपचार करावे लागले. त्यातली बहुतेक जिन्यावरून पडलेली होती. खेळणे द्यायचेच असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून ते देशात सक्तीचे आहे. गाणी वाजवणाऱ्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर तिचे झाकण स्क्रूने बंद होते ना, हेही पाहावे. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

साध्या, पण रोज हातात येणाऱ्या

डिजिटल थर्मामीटर ही स्वस्त आणि मोलाची भेट. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरकडे न्यायचे असते. 'अंग जरा गरम लागतंय' या अंदाजावर तो निर्णय घेता येत नाही. घडी करता येणारी मच्छरदाणी, सुती लंगोटांचा डझन, मऊ दुपटी यांचाही कंटाळा येत नाही. फक्त दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळून बांधू नयेत; त्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. पाय आत दुमडता येतील इतकी ढिलाई हवी.

आईसाठी पुढून उघडणारे दोन सुती गाऊन, पाजताना मांडीवर घ्यायची उशी आणि उशाशी ठेवायची पाण्याची मोठी बाटली. अंगावर पाजायला बसले की हटकून तहान लागते आणि तेव्हाच जागेवरून उठता येत नाही.

लाडू की पोळी-भाजी?

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मार्गदर्शन सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. बाळंतपणातला रक्तस्राव त्यात भर घालतो. अळीव, खारीक, तीळ यांतून लोह मिळते, तेव्हा अळिवाच्या लाडवाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र लाडू सगळ्यांकडून येतात. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर गोडाचे डबे तिला नकोसेच असतात. म्हणून आधी विचारावे.

लाडवापेक्षा दुर्मीळ असतो तो जेवणाचा डबा. टाके पडलेल्या, लोहाच्या गोळ्या सुरू असलेल्या बाईला बद्धकोष्ठाचा त्रास फार होतो. पालेभाजी, मुगाची उसळ, भाकरी, काकडीची कोशिंबीर, वर पिळायला लिंबू असा डबा एका वेळी दोन कामे करतो: पोट साफ राहते आणि लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. डबा परत न्यावा लागू नये अशा भांड्यात दिला तर आणखी बरे.

बाळ अजून रुग्णालयात असेल तर

अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ अतिदक्षता विभागात असते तेव्हा भेट न्यावी की नाही, याच संकोचात अनेक जण गप्प बसतात. ते गप्प बसणे आईला बोचते. अशा बाळासाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, म्हणजे 'कांगारू मदर केअर', हा मोठा आधार आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा स्पर्श जन्मानंतर लगेच सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईला तासन्‌तास बसावे लागते. पुढून उघडणारा सैल शर्ट, रुग्णालयात पोहोचता केलेला डबा, मोठ्या मुलाला शाळेतून आणण्याची जबाबदारी, ही त्या वेळची खरी भेट. 'वजन किती झालं?' हा प्रश्न मात्र घरीच ठेवावा.

सव्वा महिन्यानंतरची भेट

पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा किंवा तीन महिने आई, मावशी, न्हाऊ घालणारी बाई असा राबता असतो. मग ती सासरी किंवा शहरातल्या दोन खोल्यांत परतते. नवरा कामावर जातो, बारशाचे फोटो जुने होतात आणि रात्रीची जागरणे तशीच राहतात. भेटींचा ढीग लागतो तो पहिल्या टप्प्यात. गरज वाढते ती दुसऱ्यात.

बाळंतपणानंतर दोनतीन दिवसांनी रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक बायकांना जाणवते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. ते ओसरले नाही, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, बाळ झोपले तरी झोप येईना, 'मी चांगली आई नाही' हे पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. ते वर्षभरात कधीही सुरू होऊ शकते. भारतातील 38 अभ्यासांचा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झालेला आढावा हे प्रमाण सुमारे 22 टक्के सांगतो, म्हणजे पाचांत एकीहून थोडे जास्त. घरचे याला 'नाजूकपणा' म्हणतात, ती स्वतः लाजेने बोलत नाही. मैत्रिणीला मात्र ती आधी कशी होती हे ठाऊक असते, म्हणून बदल तिच्या लवकर लक्षात येतो. उपचाराने हा आजार बरा होतो. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. जिवाचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार तिने बोलून दाखवले तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

म्हणून भेटीत वेळही द्यावा, आणि तो ठरवून द्यावा. 'काही लागलं तर सांग गं' असे सगळेच म्हणतात. कोणीच सांगत नाही. त्याऐवजी 'गुरुवारी अकरा ते एक मी येते. बाळाला मी सांभाळते, तू नुसती झोप' असे म्हटले तर त्याला नाही म्हणणे कठीण असते. पाळणाभर खेळण्यांपेक्षा सलग दोन तासांची झोप तिला जास्त दिवस आठवेल.

जाताना एवढे पाळावे

सर्दी, खोकला, ताप, ओठावर फोड असेल तर जाणे पुढे ढकलावे. मोठ्यांचा साधा खोकला बाळाला गंभीर आजार ठरू शकतो. घरात शिरताच साबणाने हात धुवावेत. बाळाचा पापा घेऊ नये. तीव्र वासाचे अत्तर लावून जाऊ नये. आईने बाळ हातात दिले तरच घ्यावे. आणि आत गेल्यावर 'बाळ कसं आहे?' हे विचारण्याआधी 'तू कशी आहेस?' हे विचारावे, उत्तर ऐकायला थोडे थांबावे.