दानाची किंमत

गेल्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. मेहुणे निवर्तल्याला वर्ष झाले होते. त्यांची मराठी पुस्तके तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाला द्यायची, असे तिने ठरवले. मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था. तेव्हा प्राप्तिकरात वजावट मिळेल, म्हणून आम्ही यादी करायला बसलो.

आपल्याकडे देणगीची सवलत मिळते ती पैशाला, वस्तुदानाला नाही. तिकडे वस्तूलाही मिळते, पण नियम मोठे चोख! किंमत धरायची ती खरेदीची नव्हे, आज बाजारात येईल ती. देणगी २५० डॉलरची वा अधिक असेल तर संस्थेची लेखी पोच हवी. तीत वस्तूचे वर्णन पुरे. किंमत दात्याने ठरवायची. वर्षाच्या वस्तुदानाची वजावट ५०० डॉलरांवर गेली, की विवरणपत्राला ८२८३ क्रमांकाचा फॉर्म जोडायचा. एकाच प्रकारच्या वस्तू ५,००० च्या पुढे गेल्या, तर बहुधा जाणकार मूल्यमापकाचा दाखलाही हवा.

एका पुस्तकापाशी बहिणीची पेन्सिल थांबली.

"दादा, ही त्यांची ज्ञानेश्वरी. पानोपानी टिपणे आहेत. हिचे काय लावू?"

बाजाराच्या हिशेबी त्या टिपणांनी किंमत घटलीच होती. मी चाचरत म्हटले, "दोन डॉलर लिही."

तिने लिहिले नाही. ज्ञानेश्वरी उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवली.

बाकीची बेरीज ४६० डॉलर झाली. फॉर्म लागलाच नाही. पुढे मंडळाची पोच आली. तीत पुस्तकांची नावे होती, किंमत नव्हती.

"हे बरे झाले," बहीण म्हणाली.