जुन्या पिकअपला पाचवा गिअर : बसवावा की बसवू नये?

आमचा धंदा कापडाचा. लोखंडाशी आमचा संबंध येतो तो माल वाहणाऱ्या गाडीपुरताच. तरीही गिअरबॉक्सवर चार ओळी लिहिण्याचे धाडस करीत आहोत, कारण या एका लोखंडी डब्यापायी आमचे जे नुकसान झाले ते दुसऱ्या व्यापारी बंधूचे होऊ नये असे वाटते. जुनी डिझेल पिकअप चालविणारे अनेकजण आजही विचारतात, की चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा टाकला तर गाडी जास्त ओढेल काय? डिझेल वाचेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत, आणि सारा घोटाळा तिथेच होतो.

आमच्याकडे १९९४ साली घेतलेली महिंद्राची पिकअप होती. त्या काळच्या महिंद्राच्या जीप आणि पिकअपमध्ये प्यूजोच्या परवान्याने तयार होणारे एक्सडीपी ४.९० हे २११२ सी. सी. चे डिझेल इंजिन असे आणि त्याच्यामागे कोरियाच्या किया कंपनीच्या परवान्याचा, केएमटी ९० नावाचा चार गिअरचा बॉक्स. बॉक्स दणकट होता. पण चौथ्या गिअरला साठच्या पुढे गेले की इंजिन असे ओरडे, की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नसे. पुढे प्यूजोचाच बीए १० हा पाच गिअरचा बॉक्स काही गाड्यांत आला, आणि मग जो तो म्हणू लागला की जुन्या गाडीला पाच गिअर लावा.

आता पाचव्या गिअरने होते तरी काय, ते पाहू. चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर ‘डायरेक्ट’ असतो. म्हणजे इंजिनचा एक फेरा झाला की मागच्या प्रोपेलर शाफ्टचाही एक फेरा होतो. पाच गिअरच्या बॉक्समध्ये बहुधा चौथाच डायरेक्ट असतो आणि पाचवा ‘ओव्हरड्राइव्ह’. त्यात इंजिनच्या एका फेऱ्यापेक्षा शाफ्टचा फेरा जास्त होतो.

हिशेब करून पाहा. रिकाम्या नव्हे, भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरवर खडूची खूण करा, जमिनीवर खूण करा, आणि चाक एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत गाडी ढकला. दोन खुणांमधील अंतर आपल्या कापड मोजण्याच्या टेपने मोजा. समजा ते सव्वादोन मीटर भरले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४४४ फेरे. डिफरन्शियलचे प्रमाण पाचास एक धरले तर डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,२२० फेरे फिरते. पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८५ धरले तर तोच आकडा सुमारे १,८९० वर येतो. गाडीचा वेग तोच, इंजिनाचे फेरे सव्वातीनशेने कमी. आवाज कमी, झीज कमी, डिझेलही काहीसे कमी.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू मिस्त्री सांगत नाहीत. इंजिनाचा जोर तोच राहतो, आणि पाचव्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारा ओढा चौथ्यापेक्षा पंधरा टक्के कमी होतो. गिअरबॉक्स ताकद पैदा करीत नाही, ती फक्त वाटून देतो. सपाट रस्त्यावर, अर्ध्या मालावर तो ओढा पुरतो. चढ लागला किंवा गाडी ठासून भरली की ड्रायव्हरला चौथ्यावर यावेच लागते, आणि चौथा तर आधीपासून होताच! मग पैसे कशाचे दिले? आणि जो ड्रायव्हर हट्टाने पाचव्यातच रेटतो, त्याच्या गाडीचे इंजिन धडधडते, पाणी तापते, बेअरिंगवर मार बसतो. डिझेल वाचविण्याच्या नादात इंजिन खोलावे लागते.

काही बंधू म्हणतात, गिअरबॉक्स कशाला, डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियनच बदलू. त्यानेही सपाटीवर फेरे कमी होतात हे खरे. पण त्यात पहिल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक गिअरचा ओढा कमी होतो. भरलेली गाडी चढावर थांबली तर पहिल्यात सुद्धा उचलत नाही आणि क्लच जळतो. माल वाहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आमची कहाणी. २००१ साली वालिदसाहेबांच्या मागे लागून आम्ही पाच गिअरचा बॉक्स घेतला, एका भंगारवाल्याकडून. नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो. मिस्त्री म्हणाले, चार दिवस द्या. सीझन तोंडावर होता, मालेगावचे कारखानदार सुतासाठी थांबले होते. आम्ही म्हणालो, दोन दिवसांत द्या. बॉक्स बसला, गाडी रिकामी फिरवून पाहिली, लोण्यासारखी चालली. भिवंडीहून सुताच्या गोण्या भरल्या, कसारा घाट चढलो, इगतपुरी मागे पडली, आणि घोटीच्या आसपास बॉक्समधून पिठाच्या चक्कीसारखा आवाज येऊ लागला. थोड्याच वेळात गाडी जागेवर थांबली. गिअर अडकला तो निघेना.

दोष बॉक्सचा नव्हता. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब होता, पण प्रोपेलर शाफ्ट जुनाच ठेवला होता. रिकाम्या गाडीत तो कसाबसा मावला. भरलेली गाडी खड्ड्यात दबली की शाफ्टचा सरकता जोड शेवटपर्यंत जाऊन बॉक्सच्या मागच्या बेअरिंगला ठोसा देई. असे ठोसे घाटभर बसले. बेअरिंग फुटले, त्याचे तुकडे दातांत गेले. दुसरी गाडी मिळून सूत पोहोचायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ज्या सांच्यांवर ते सूत चढायचे होते ते बंद राहिले, आणि सांचेवर काम करणारा मजूर पिसावर असतो, सांचा बंद तर मजुरी बंद. आमचे नुकसान आम्ही वहीत लिहिले. त्यांचे कोणाच्या वहीत लिहिले गेले? मिस्त्रींना आम्ही बोल लावला नाही. घाई आमची होती.

तेव्हापासून आम्ही एवढे शिकलो, की बॉक्स एकटा येत नाही. त्याच्यासोबत बेल हाउसिंग जुळते का ते पाहावे लागते. क्लच प्लेटच्या मधल्या भोकातील खाचा आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील खाचा एकच हव्यात, नाहीतर प्लेट बदला. फ्लायव्हीलमधील छोटे पायलट बेअरिंग शाफ्टच्या टोकाला बसले पाहिजे. रिलीज बेअरिंग, क्रॉस मेंबरवरील माउंटिंग, गिअर लिव्हरसाठी फरशीतले भोक, रिव्हर्स दिव्याचा स्विच, हे सारे आले. प्रोपेलर शाफ्ट तोडून लहान केला तर नुसते वेल्डिंग पुरत नाही, त्याचे बॅलन्सिंग करून घ्यावे लागते. नाहीतर पन्नासच्या पुढे सगळी गाडी थरथरते आणि जॉइंटचे क्रॉस लवकर जातात. स्पीडोमीटरची केबल बॉक्समधूनच निघते, तिथला छोटा गिअर वेगळ्या दातांचा असला तर काटा खोटा वेग दाखवू लागतो. या सगळ्याची किंमत बॉक्सच्या किमतीत आधीच मिळवून ठेवावी. आमच्या बाबतीत स्वस्त बॉक्स शेवटी असा महाग पडला.

जुना बॉक्स विकत घेताना तो जमिनीवर ठेवूनच पारखा. प्रत्येक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि मागच्या शाफ्टचे फेरे मोजा. ०.८५ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर इनपुटचे १७ फेरे झाले की मागचे २० व्हायला हवेत. १७ ला १७ च झाले तर पाचवाच गिअर डायरेक्ट आहे असे समजा. अशा बॉक्समध्ये सपाटीवर काही वाचत नाही. उलट गिअर एकमेकांच्या जवळ असल्यामुळे चढावर इंजिन पडत नाही. ज्याला घाटच चढायचे त्याच्यासाठी तो बॉक्स वाईट नव्हे. पण दुकानदार दोन्हींना ‘पाच गिअर’च म्हणतो!

मग खालचा नट उघडून तेल बोटांवर घ्या. पितळी चमक दिसली तर सिंक्रोच्या कड्या झिजल्या आहेत. दुसरा गिअर टाकताना करकर होते ती त्यामुळेच. लोखंडाच्या बारीक काड्या किंवा पापुद्रे दिसले तर बेअरिंग किंवा दात गेले, तो बॉक्स तिथेच ठेवून घरी या. तेलाबद्दलही एक गोष्ट. पितळी कड्यांच्या बॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल घालावे. डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ तेल अनेकजण दोन्हीकडे ओततात, एकच डबा पुरतो म्हणून. त्यातील रसायन पितळ खाते. डब्यावरचा शिक्का वाचण्यात कमीपणा नाही.

कागदपत्रांचे म्हणाल तर आर. सी. बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणी वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर कडक निकाल दिला. म्हणून त्याच मॉडेलला कंपनीने दिलेलाच बॉक्स घ्यावा, आर. टी. ओ. आणि विमा कंपनी या दोन्हीकडे आधी विचारून घ्यावे, आणि भंगारातल्या मालाचेही पक्के बिल घ्यावे. बिलाशिवायचा बॉक्स कोणाच्या चोरीच्या गाडीचा निघाला तर तुमच्या दारात पोलीस येतील.

आता पैशाचा हिशेब. समजा गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १० देते. बॉक्स बदलल्यावर ११ देऊ लागली तर ३०० लिटरऐवजी सुमारे २७३ लिटर लागेल. लिटरचे ९० रुपये धरले तर महिन्याला २,४०० रुपयांच्या आसपास बचत. सगळा खर्च मिळून ६०,००० रुपये झाला तर तो फिटायला दोन वर्षांवर जातील, आणि ते देखील सगळा रस्ता सपाट असेल तर. निम्मा प्रवास चढ-उताराचा किंवा शहरातल्या गर्दीचा असेल तर चार वर्षे धरा. जुनी गाडी चार वर्षे टिकेल का? माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. हा आकडाही वहीच्या त्याच पानावर लिहा.

आमचा मशवरा असा. धुळे, इंदूर अशा लांबच्या रस्त्यावर, वजनाच्या मर्यादेत माल घेऊन जाणाऱ्याने आणि ज्याचे इंजिन निरोगी आहे त्याने पाच गिअरचा विचार जरूर करावा. मालेगाव-भिवंडी करणाऱ्यांना जुन्या रस्त्याने राहुड घाट आणि कसारा घाट दोन्ही लागतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण टोल बचतीतून वजा करावा लागेल. गोदामातून प्रोसेस हाउसपर्यंत, गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीला पाचवा गिअर कधी लागतच नाही. त्यांनी जुनाच चार गिअरचा बॉक्स खोलून सिंक्रोच्या कड्या, बेअरिंगा, सील आणि क्लच प्लेट नवे टाकून घ्यावे. आम्हीही शेवटी तेच केले. घोटीला फुटलेला बॉक्स भंगारात गेला, जुना केएमटी दुरुस्त होऊन परत बसला आणि गाडी विकेपर्यंत चालला.

एक गोष्ट मात्र बॉक्स कोणताही असो, ड्रायव्हरला बजावून सांगा. पाच गिअरवाले उतारावर पाचव्यात सोडतात आणि काही तर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिनच बंद करतात. या गाड्यांच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, आणि समोर कसाऱ्याचे वळण असते. ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरायचे, असे आमच्या जुन्या ड्रायव्हर चाचांनी आम्हांला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितले होते. तेव्हा त्यांच्या गाडीला तीनच गिअर होते.