अडगळ, मोड, घबाड

आजीचा पितळी अडकित्ता घ्या. घरातली पानसुपारी सुटली की तो माळ्यावर जातो आणि तिथं त्याचं नाव ‘अडगळ’. दिवाळीआधी माळा आवरताना तो भांडीवाल्याच्या तराजूत पडला की ‘मोड’, भाव वजनावर. तोच पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फडक्यावर मांडलेला दिसला, तर विकणारा ‘अँटिक पीस’ म्हणेल. (हा शब्द आपण माणसांनाही लावतो, ‘नग’सारखाच. ते असो.)

वस्तू तीच आहे, बदलली ती तिच्याभोवतीची माणसं. ‘पिवळा’ म्हटल्यानं अडकित्त्याचं काही बिघडत नाही. ‘मोड’ म्हटलं की तो वितळतो! म्हणजे हे शब्द वर्णन करत नाहीत, निवाडा करतात.

दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यात अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्‍या, कुलपं असल्या घरगुती गोष्टी पुष्कळ होत्या. म्हणजे इतरांची अडगळच की! अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य शासनाच्या हाती दिला. कायद्याला मात्र वय लागतं. १९७२ च्या कायद्यानुसार ‘पुरावशेष’ ठरायला साधारणपणे १०० वर्षं, हस्तलिखिताला ७५.

आता क्रियापद बघा, मला खरी गंमत तिथं वाटते. ‘मी नाणं शोधलं’ यात कष्ट माझे, म्हणून हक्कही माझा वाटतो. पण ‘मला नाणं सापडलं’ म्हणताना कर्ता कोण? नाणं! मी नुसता ‘मला’. ‘गवसलं’, ‘हाती लागलं’ यांचीही तीच रचना. सापडण्याचं श्रेय मराठी माणसाला देतच नाही. आणि १८७८ चा गुप्तधनाचा कायदाही तेच धरून चालतो: जमिनीत दडलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं, तर कलेक्टरला कळवायचं. सापडलं म्हणून आपोआप तुमचं होत नाही.

‘घबाड’ हा शब्द मात्र हे सगळं पुसून टाकतो. त्यात वस्तू उरतच नाही, उरतो फक्त लाभ. नांगराला हंडा लागला आणि मनात ‘घबाड’ आलं, की नाणी रातोरात सोनाराच्या मुशीत जातात. कुठल्या राजाची होती, कुठल्या टाकसाळीची, कशासोबत पुरली होती, हे मग कुणालाच विचारता येत नाही.