मिरची मारते थाप!

ठेच्याचा जरा मोठा घास गेला की काय होतं? जीभ पोळते, कान तापतात, नाकडोळे वाहू लागतात आणि आपण हा-हू करत तांब्याकडे धावतो. पण गंमत बघा, ठेचा तर गारच असतो! मग आग लागली कुठे?

तुम्ही म्हणाल, तिखट ही चवच तशी. अंहं! गोड, आंबट, खारट, कडू या चवी. तिखट त्यांच्यातलं नाहीच. पुरावा हवा? साखर बोटाला चोळा, बोट गोड लागतं का? पण मिरच्या चिरल्या की हात कसे भगभगतात, ते घरात विचारा. तिखट ही वेदना आहे. (आणि ती आपण भेळवाल्याकडून पैसे देऊन घेतो, वर ‘अजून थोडं घाला’ म्हणतो!)

आपल्या जिभेत आणि कातडीत चेतातंतूंची बारीक टोकं असतात. त्यांवर प्रथिनांची चिमुकली दारं असतात. काही दारं चटक्यासाठी. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ती उघडतात आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजतंय! मिरचीतलं कॅप्सायसिन नावाचं द्रव्य नेमकं याच दाराला चिकटतं आणि उष्णता नसतानाही ते उघडतं. दार कुणी उघडलं हे मेंदूला कळायला मार्ग नाही. तो आपला खरोखर भाजल्यासारखा घाम फोडतो. आता कळलं, रस्सा गरमागरम असला की जास्त का झोंबतो? दोघं मिळून एकच दार ढकलतात!

हे दार शोधलं अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने, १९९७ साली. मिरचीचं काहीच न वाटणाऱ्या पेशींत त्यांनी चेतापेशींच्या जनुकांचे तुकडे घालून पाहिले. लाखो तुकड्यांतून एक असा सापडला, की त्या पेशींनाही मिरची झोंबली! दाबाचंही असंच दार शोधायला आर्डेम पटापुटियन या शास्त्रज्ञाच्या चमूने तर पेशींना बारीक नळीने टोचून पाहिलं. एकेक करत ७२ जनुकं बंद केली, तेव्हा कुठे दाब ओळखणारं दार हाती लागलं. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

पुदिन्याची थापही अशीच, फक्त उलटी. त्यातलं मेंथॉल थंडीचं दार उघडतं.

आणि पोपट? तो मिरच्या मजेत खातो. पक्ष्यांचं दार कॅप्सायसिनला उघडताच येत नाही. झाडाचाही फायदाच, कारण बरेच पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात.

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातुपात विरघळतं. तेव्हा मिरची झोंबली तर तांब्या राहू द्या, वाटीभर दही मागा. आणि मिरचीचा हात डोळ्यांना मात्र लावू नका!