विमान आपले, इंजिन परक्याचे

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे हवाई दलाने मिग-21 विमानांना समारंभपूर्वक निरोप दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-1 ए’ विमानाने आकाशात झेप घेतली. ज्या ओझरमध्ये एके काळी परवान्याखाली सोव्हिएत आराखड्याची मिग विमाने बांधली गेली, तेथूनच स्वदेशी आराखड्याचे विमान उडावे, ही घटना समाधानाची खरीच. परंतु त्या विमानाच्या पोटातील इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे, याचा विसर पडू देणे ही आत्मवंचना ठरेल.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे आखलेले ‘मारुत’ 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले. विमानाचा सांगाडा उत्तम होता. ध्वनीच्या दुप्पट वेगाची आकांक्षा त्यामागे होती. उणीव होती ती इंजिनाची. ब्रिटिश ‘ऑर्फियस’ इंजिनाची अधिक शक्तिशाली आवृत्ती विकसित करण्याचा खर्च उचलण्यास भारताने नकार दिला, इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोगही तडीस गेला नाही. 10 जानेवारी 1970 रोजी मारुतच्या चाचणी उड्डाणातच सुरंजन दास या निष्णात वैमानिकाला प्राणास मुकावे लागले. 1971 च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुतने चोख कामगिरी बजावली. तरीही ते आपल्या कल्पित वेगापर्यंत कधीच पोहोचले नाही. याहून मोठी हानी अशी की, मारुतला वारस मिळाला नाही आणि त्या निमित्ताने जमलेले अभियंत्यांचे कौशल्य पांगले.

म्हणूनच 1983 मध्ये हलक्या लढाऊ विमानाच्या योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हा बरेचसे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. पहिले उड्डाण 2001 साली झाले आणि पहिली तुकडी 2016 साली उभी राहिली. या तेहतीस वर्षांच्या विलंबावर टीका होते, ती अनाठायी नाही. मात्र 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले, आणि विमानाच्या संगणकीय नियंत्रणप्रणालीचे उरलेले काम त्यांनी येथे पुरे केले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

इंजिनाच्या बाबतीत असे घडले नाही. 1989 मध्ये हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन अपेक्षित जोर देऊ शकले नाही, आणि 2008 मध्ये ते तेजसपासून अलग करण्यात आले. जेट इंजिनातील वायूचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. एकाच स्फटिकाचे पाते ओतून, त्यातील सूक्ष्म छिद्रांतून हवा खेळवून ते टिकवावे लागते. ही विद्या कोणतेही राष्ट्र सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही. शिवाय उंचीवरील चाचण्यांची सोय देशात नसल्याने कावेरीला रशियात न्यावे लागले. चाचणीसाठीही परक्याच्या दारी जावे लागावे, यातच सारे आले.

त्याची किंमत आज दिसते आहे. 2021 मध्ये 83 तेजस विमानांची मागणी नोंदविली गेली. परंतु त्यांच्यासाठीच्या 99 इंजिनांपैकी पहिले 2025 च्या मार्चमध्ये हाती आले. इकडे 42 तुकड्यांना मंजुरी असलेल्या हवाई दलाकडे मिग-21 च्या निवृत्तीनंतर 29 तुकड्याच राहिल्या.

अशा स्थितीत परदेशी विमाने विकत घ्यावीत, हा सल्ला व्यवहाराचा आहे आणि काही प्रमाणात तो मानावाही लागेल. सीमेचे रक्षण प्रयोगशाळेच्या यशापर्यंत थांबू शकत नाही. परंतु खरेदी हा निकडीचा उपाय आहे. त्याला धोरण मानले की मारुतची पुनरावृत्ती अटळ होते. भावी विमानाच्या इंजिनासाठी फ्रान्सच्या सहकार्याचा मार्ग सरकारने 2025 मध्ये निवडला. त्यात जुळणीचा वाटा किती मिळाला हे महत्त्वाचे नाही. पाते ओतण्याची विद्या मिळाली की नाही, हीच त्या कराराची कसोटी होय. धातुशास्त्राला, चाचणीगृहांना आणि अपयशी ठरलेल्या अभियंत्यांच्या दुसऱ्या प्रयत्नाला सातत्याने पैसा पुरविणे, हे त्याहून कठीण काम आहे. मारुतच्या वेळी वाचविलेले पैसे किती महाग पडले, हे आता कोणी नव्याने सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही.