'मुरमाड' कळतं, मग 'मडी' अवघड का?

अमरावती : 'सन'चं 'सनी', 'मड'चं 'मडी', 'रेन'चं 'रेनी'. इंग्रजीच्या तासाला मुलं अशा जोड्या पाठ करतात आणि परीक्षेत स्पेलिंगला अडतात. खरं तर नामाला प्रत्यय जोडून विशेषण करण्याची ही रीत वऱ्हाडातल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मुरमाची जमीन 'मुरमाड', रेतीची 'रेताड', खडकांची 'खडकाळ'. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी 'खारट'.

स्पेलिंग का बदलतं?

इंग्रजीत अशा वेळी बहुधा शेवटी 'वाय' लागतो. त्याचे ३ नियम आहेत.

१. लहान शब्दात एकच स्वर आणि शेवटी एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दोनदा येतं. 'सनी'त दोन 'एन', 'मडी'त दोन 'डी', 'फॉगी'त दोन 'जी'. त्यामुळे आधीचा स्वर आखूड राहतो. 'फनी'त 'एन' दोनदा आहे, 'टायनी'त एकदाच. उच्चारातला फरक लगेच कळतो.

२. दोन स्वर जोडून आले किंवा शेवटी दोन व्यंजनं असली, तर नुसता 'वाय' पुरतो : रेनी, सॉल्टी, सँडी, रॉकी.

३. शेवटचा मुका 'ई' गळतो : 'स्टोन'चं 'स्टोनी', 'आइस'चं 'आयसी'.

अशी गळती मराठीतही होते. 'मुरूम'चं 'मुरमाड' होताना 'रू'चा ऊ जातो, 'रेती'चं 'रेताड' होताना शेवटची ई जाते. फरक इतकाच, की मराठीत ती कुणी पाठ करत नाही.

इथे सावध राहा

प्रत्यय लागला म्हणजे हवा तो अर्थ मिळतोच असं नाही. दुधाळ गाय म्हणजे भरपूर दूध देणारी. पण 'मिल्की' म्हणजे दुधासारखं किंवा दूध घातलेलं. त्यामुळे दुधाळ गाईला 'मिल्की काऊ' म्हणता येत नाही. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हाला 'हीटी' म्हणत नाहीत, 'हॉट'च म्हणतात. 'पोरकट'मध्ये टोमणा आहे, तसाच तो 'चाइल्डिश'मध्येही आहे. मुलासारखं निरागस म्हणायचं तर 'चाइल्डलाइक' हा वेगळा शब्द.

म्हणून यादी पाठ करण्याआधी मुलांना घरच्या बोलीतले असे ५ शब्द शोधायला सांगा. ते मूळ नाम आणि प्रत्यय वेगळे करू लागले, की इंग्रजी शब्दांचीही फोड करतील.