रानवाट आणि विजेची सायकल

नवें वाहन आलें कीं तें प्रथम रस्ता मागतें. रस्ता मिळाला कीं पाऊलवाट मागतें. आणि ती देतांना मात्र दोनदां विचार करावा लागतो. कारण रस्ता सरकारनें बांधलेला असतो, पाऊलवाट ही पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्यांच्या पायांनीं पडलेली असते. विजेच्या डोंगरी सायकलीला रानवाटेवर येऊं द्यावें कीं नाहीं, हा जो वाद आज देशोदेशीं चालला आहे त्याचें मूळ येथेंच आहे. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचें रान आणि सातपुड्याचे घाट ज्यांच्या अंगणाशीं आहेत त्या आपणां खानदेशकरांस तो वाद परका मानून चालणार नाहीं.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. डोंगरी सायकल म्हणजे रुंद टायरांची, मजबूत सांगाड्याची सायकल. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, तामालपैस नांवाच्या डोंगराच्या उतारांवर कांहीं हौशी तरुणांनीं जुन्या सायकली दामटल्या, त्यांतून तिचा प्रसार झाला. तिलाच बॅटरी व लहानशी मोटर जोडली कीं ती विजेची डोंगरी सायकल झाली. पाय पॅडल फिरवीत असतील तोंवर मोटर साहाय्य करते. पाय थांबले कीं तीही थांबते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें २५० वॉटांहून कमी शक्तीच्या आणि ताशीं २५ किलोमीटरपर्यंतच साहाय्य करणाऱ्या अशा हलक्या सायकलीस मोटार वाहन समजत नाहींत. २५० हा आंकडा लहान भासतो. परंतु साधारण प्रकृतीचा मनुष्य तासभर टिकेल अशी जी शक्ति सायकलीस लावतो, ती शंभर वॉटांच्या आसपास असते. म्हणजे ह्या सायकलीमागें दोन अदृश्य माणसें ढकलीत चाललीं आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अनुकूल पक्षाचें म्हणणें हलकें नाहीं. ज्यांची साठी उलटली आहे, ज्यांचे गुडघे चढाला नाहीं म्हणतात, अशा वडीलधाऱ्यांस मुलानातवंडांच्या बरोबरीनें डोंगर पाहण्याची संधि ही मोटर देते. तिला धूर नाहीं, फटफटीचा गोंगाट नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत साधी सायकल, विजेची सायकल आणि मोटारसायकल एकाच प्रकारच्या वाटांवर चालवून मातीची झीज मोजण्यांत आली. तींत विजेची सायकल साध्या सायकलीच्या जवळ राहिली, मोटारसायकलीनें मात्र माती फारच उकरली. हा प्रयोग डोंगरी सायकलस्वारांच्याच संस्थेनें केला होता आणि वाटाही सायकलीसाठींच आंखलेल्या होत्या, एवढें ध्यानांत ठेवून त्याचें मोल करावें.

प्रतिकूल पक्ष वजनाचा व वेगाचा मुद्दा काढतो. साध्या सायकलीहून ही सात-आठ किलोनें तरी जड. चढावरही ती आवाज न करितां वेगानें येते, आणि समोरून मोळी घेऊन येणाऱ्या बाईस बाजूस होण्यासही अवधि मिळत नाहीं. पण आमच्या मतें खरा मुद्दा ह्याहून खोल आहे. आजवर रानाची राखण वनरक्षकाइतकीच माणसाच्या दमानें केली. जेथें छाती भरून येई तेथून बहुतेक मंडळी परत फिरत. त्यापलीकडचें रान श्वापदांचें आणि तेथें राहणाऱ्या भिल्ल, पावरा, तडवी बांधवांचें. मोटरीनें हा दमाचा पहारा उठविला. एका स्वारानें माती किती उकरली ह्याचें माप निघेल. पण पूर्वी दहा जण पोंचत तेथें शंभर जण पोंचूं लागले तर काय होईल, हें मातीच्या मापांत येत नाहीं.

अमेरिकेंत १९६४ च्या कायद्यानें राखलेल्या निर्जन वनप्रदेशांत साध्या सायकलीसही मज्जाव आहे; इतर राष्ट्रीय उद्यानांत विजेच्या सायकलीचा निर्णय २०२० च्या नियमानें त्या त्या उद्यानाच्या अधिकाऱ्यावर सोंपविला. एकच नियम सर्व वाटांस लागू पडत नाहीं, हेंच त्यावरून दिसतें.

आपल्या महाराष्ट्रांत सायकलीचा नसला तरी ह्याच जातीचा वाद माथेरानांत झाला. तेथें मोटारींस बंदी. २००३ सालीं तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्यामुळें तांबड्या मातीच्या वाटा राहिल्या, घोडे राहिले, आणि माणसानें माणसास ओढण्याची हातरिक्षाही राहिली. ओढणारांना विजेची रिक्षा हवी होती. घोडेवाल्यांनीं पोटाच्या चिंतेनें विरोध केला. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं प्रयोगास अनुमति दिली व ६ ऑगस्ट २०२५ रोजीं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पण विजेच्या चाकांना सपाट वाट लागते, म्हणून मातीवर ठोकळे बसविण्याचा प्रश्न निघाला. न्यायालयानें दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ते मान्य केले, अंतर्गत वाटांवर नाहीं. ह्यांतील विवेक घेण्यासारखा आहे. जी वीज माणसाची पाठ मोकळी करते तिला वाट द्यावी. पण ती किती, हें आधीं ठरवावें.

खानदेशांत हा विवेक कसा लावावा? यावल अभयारण्य १९६९ पासूनचें; गौताळा-औट्रम घाट १९८६ चें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत पर्यटनासाठीं शिरण्यास परवाना लागतो. तेव्हां ‘ही मोटार वाहन नव्हे’ हें उत्तर हमरस्त्यावर चालेल, वनाच्या नाक्यावर चालणार नाहीं. आमची सूचना अशी : बैलगाडी जाईल एवढ्या रुंद गाडीवाटा व वनखात्याचे कच्चे रस्ते पॅडलच्या ह्या सायकलींस मोकळे असावे, नुसत्या मुठीवर पळणाऱ्या गाड्यांस नसावे. एकेरी पाऊलवाट पायांसाठींच राहावी. पावसाळ्यांत ओल्या वाटेवर चाक घालूं नये. चाकाची चाकोरी पहिल्या सरीला पन्हाळ होते आणि पुढील सरीला ओहोळ. आणि ह्या मर्यादा घालतांना, ज्यांच्या पायांनीं ती वाट पडली त्या पाड्यांतील लोकांचें म्हणणें आधीं विचारावें, मागाहून नव्हे.

घरांत अशी सायकल घेण्याचा बेत चालला असेल तर तो मोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. बाजारास, शाळेस, शेतावर ती उत्तम सेवा करील. मात्र जळगांवच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत बॅटरी तापत ठेवूं नये. रानांत नेतांना समोर पायीं माणूस दिसतांच उतरून उभें राहावें, हें मुलांस पहिल्याच दिवशीं शिकवावें. दमानें जो पहारा आजवर आपोआप केला, तो ह्यापुढें संयमानें करावयाचा आहे. आणि संयमाचें शिक्षण सरकारी फलकापेक्षां घरांतच अधिक चांगलें होतें.